स्ट्रीमिंगच्या सेटमध्ये घुमणं आणि चिरचिर: दोष नेटवर्कचा की विजेचा?

मंद्रसप्तक (इंदिरानगर, नाशिक)

नमस्कार मंडळी,

रात्री जेवणं आटोपली, शेजारपाजार शांत झाला की मी तासभर गाणं ऐकते. सध्या तो तास एका आवाजाने पोखरलाय. जाणकारांनी वाट दाखवावी.

सेट असा आहे. रास्पबेरी पाय ४ (हातात मावणारा छोटा संगणक), त्यावर मूड ऑडिओ हे गाणी वाजवणारं सॉफ्टवेअर. पायमधून यूएसबीने डॅक (डिजिटल गाण्याचा ॲनालॉग आवाज करणारा डबा), डॅकमधून आरसीए वायरने ॲम्प्लिफायर. ॲम्प तीन पिनांच्या प्लगचा, बाकी सगळे दोन पिनांचे ॲडॉप्टर. टीव्हीच्या सेट टॉप बॉक्सची आरसीए वायरसुद्धा याच ॲम्पच्या दुसऱ्या इनपुटला आहे, कारण सासऱ्यांना बातम्या मोठ्या स्पीकरवर ऐकायला आवडतात. टीव्हीला केबलवाल्याचं कनेक्शन. राउटर दाराजवळ, तिथून पायपर्यंत लॅनची वायर भिंतीच्या कडेने, लाइटच्या केसिंग पट्टीला लागूनच आली आहे. दुकानदाराने शील्डवाली (तारांभोवती धातूचं आवरण असलेली), धातूच्या टोकांची वायर दिली. ऑडिओसाठी हीच लागते म्हणाला.

आवाज दोन आहेत. पहिला खर्जातला, अखंड. गाणं लावा न लावा, तो असतोच. मी गाणं शिकते, त्यामुळे सूर ओळखू येतो: पेटीवरच्या पांढरी पाचच्या आसपास. काळी एकच्या तंबोऱ्यावरचा भूप लावला की खाली कोणीतरी तीव्र मध्यम धरून बसलंय असं वाटतं. भूपात मध्यमच नाही! पुढे ऐकवत नाही.

दुसरा आवाज बारीक, चिरचिर-टिकटिक असा. फोनवरून नवं गाणं निवडलं, अल्बमची चित्रं सरकवली की येतो. गाणं सुरू झाल्यावर कमी होतो.

आणखी एक गोष्ट. डॅकच्या धातूच्या डब्यावरून बोटाची मागची बाजू हलकेच फिरवली तर झिणझिण्या येतात.

आतापर्यंत मिळालेले सल्ले: ऑडिओसाठीचा खास नेटवर्क स्विच घ्या, पॉवर कंडिशनर घ्या, चांदीची यूएसबी वायर घ्या. यातल्या एकेकाची किंमत माझ्या ॲम्पपेक्षा जास्त. पैसे घालायला तयार आहे, पण आधी रोग तरी कळू दे. नेटवर्कमधून खरंच आवाज येतो का?

रविवार_कारंजा

ताई, घरात इन्व्हर्टर असेल तर तो साइन वेव्हचा की स्क्वेअर वेव्हचा ते बघा. आमच्याकडे आधी स्क्वेअर वेव्हचा होता. लाइट गेली रे गेली की पंख्यापासून ॲम्पपर्यंत सगळं घुमायला लागायचं. साइन वेव्हचा आणला आणि ते थांबलं. तुमच्याकडे मात्र लाइट असतानाही आवाज आहे, म्हणजे मूळ दुसरीकडे. झिणझिण्यांचं वाचून मला अर्थिंगची शंका येते. सातपूरच्या काकांनी यावर लिहावं.

सातपूरचा_मीटर

ताई, सूर सांगितलात तिथेच अर्धं निदान झालं.

आपली वीज ५० हर्ट्झची. पॉवर सप्लायमधले डायोड तिच्या दोन्ही बाजू एकाच दिशेला वळवतात, तेव्हा १०० हर्ट्झ तयार होतात. पांढरी पाच खालच्या सप्तकांत ९८ आणि ४९ हर्ट्झला येते. म्हणजे तुमचा तो तीव्र मध्यम थेट भिंतीतल्या विजेचा आहे. लॅनच्या सिग्नलमध्ये या पट्टीतलं काही नसतं. पहिल्या आवाजापुरतं राउटरचं नाव वगळा.

मी सातपूर एमआयडीसीत इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये नोकरी केली. ४ ते २० मिलिॲम्पिअरच्या सिग्नलमध्ये शेजारच्या मोटारीचा गोंधळ कुठून शिरतोय, हे शोधण्यात आयुष्य गेलं. तिथे शिकलो ते इथेही लागू आहे: असल्या आवाजाला शिरायला बहुतेक वेळा धातूची वाट हवी असते. ती सापडेपर्यंत एक रुपयाचीही खरेदी करू नका.

आधी झिणझिण्या, कारण तो जिवाचा प्रश्न आहे. दोन पिनांच्या स्विचिंग ॲडॉप्टरमध्ये विजेच्या बाजूपासून आउटपुटच्या बाजूपर्यंत एक छोटा कपॅसिटर मुद्दाम बसवलेला असतो. स्विचिंगचा रेडिओ गोंधळ आवरणं हे त्याचं काम. पण त्यातून ५० हर्ट्झचा थोडा करंट आउटपुटकडे गळतो. चांगल्या ॲडॉप्टरमध्ये हा एक मिलिॲम्पिअरच्या आतच असतो, त्याने माणूस मरत नाही, पण बोटाला कळतो. आता बघा, तुमच्या ॲम्पचा अर्थ नीट जोडलेला असता तर आरसीए वायरच्या बाहेरच्या धातूच्या जाळीतून डॅकचा डबाही अर्थ झाला असता (बहुतेक ॲम्पमध्ये जाळी आणि चासी, म्हणजे धातूचा डबा, जोडलेली असते) आणि झिणझिण्या आल्या नसत्या. म्हणून माझा संशय भिंतीतल्या पॉइंटवर आहे. तिसरी पिन सॉकेटात जाते, पण तिच्या मागे वायर आहे का?

चांगला वायरमन बोलवा आणि मीटरने तीन आकडे घ्यायला सांगा. फेज ते न्यूट्रल २३०च्या आसपास. फेज ते अर्थ जवळपास तेवढेच. न्यूट्रल ते अर्थ एक-दोन व्होल्ट. फेज ते अर्थ मध्येच कुठेतरी लटकत असेल तर अर्थची वायर तुटलेली आहे. डिजिटल मीटर कधीकधी लोंबकळत्या वायरीवरही भुताटकीसारखे आकडे दाखवतो, म्हणून वायरमन फेज आणि अर्थमध्ये ४० वॅटचा बल्ब लावून खात्री करतात. घरात ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) असेल तर तो त्या क्षणी पडेल, कारण बल्ब दीडशेहून जास्त मिलिॲम्पिअर ओढतो. तो पडला म्हणजे अर्थची वायर निदान आहे आणि आरसीसीबीही काम करतोय. हे स्वतः करू नका.

आता आवाजाची वाट. सेट बंद करा, ॲम्पच्या सगळ्या आरसीए वायरी काढा, मग फक्त ॲम्प चालू करा. स्पीकरला कान लावा. शांत असेल तर ॲम्प निर्दोष. मग डॅक जोडा, ऐका. मग सेट टॉप बॉक्स जोडा, पण केबलची गोल वायर त्याच्या मागून पूर्ण काढून ठेवा. ऐका. शेवटी ती गोल वायर स्क्रूसारखी फिरवून बसवा आणि कान स्पीकरजवळच ठेवा. माझा अंदाज आहे की तुमचा मध्यम नेमका तेव्हा येईल.

त्याचं कारण असं. केबलवाल्याच्या वायरीची बाहेरची जाळी इमारतभर एकच असते. प्रत्येक घरातल्या टीव्हीचा, सेट टॉप बॉक्सचा गळका करंट त्या जाळीवर जमा होतो आणि जमिनीत जायला जागा शोधतो. तुमच्या बॉक्समधून आरसीए वायरीत, तिथून ॲम्पमध्ये, अशी वाट त्याला आयती मिळते. आरसीए वायरीत सिग्नलची परतीची तार आणि जाळी एकच, त्यामुळे जाळीवरचा करंट सिग्नलमध्ये मिसळतो. हिशोब करून बघा: जाळी आणि दोन्ही टोकांचे सांधे मिळून ०.१ ओहम, आणि त्यातून १० मिलिॲम्पिअर गेले, तर १ मिलिव्होल्ट तयार झाला. डॅकची पूर्ण पातळी २ व्होल्ट. त्यापुढे एक मिलिव्होल्ट काहीच नाही असं वाटेल. पण विलंबित आलाप पूर्ण पातळीच्या ४० डेसिबल खाली असू शकतो, म्हणजे २० मिलिव्होल्ट. तुमचा मध्यम त्याच्या फक्त वीसपट लहान राहिला. शिकलेल्या कानाला तो ऐकू येणारच.

एक आधीच सांगून ठेवतो, नाहीतर घाबराल. अर्थिंग दुरुस्त केल्यावर झिणझिण्या जातील, पण घुमणं वाढण्याची शक्यता आहे. इमारतीच्या गळक्या करंटला तुमच्या ॲम्पमधून चांगला अर्थ मिळेल ना! तेव्हा कोणीतरी सांगेल, ॲम्पची अर्थ पिन काढा, आवाज जाईल. आवाज जातो हे खरं आहे. हात जोडून सांगतो, ते करू नका. आतल्या ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन कधी फुटलं तर तो डबा २३० व्होल्टचा होतो आणि घरात हात लावणारी माणसं असतात. तोडायची असेल तर केबलच्या जाळीची वाट तोडा, अर्थची नाही.

ती तोडायचे दोन रस्ते. टीव्हीला ऑप्टिकल आउट आणि डॅकला ऑप्टिकल इन असेल तर बॉक्सची आरसीए वायर काढून टाका आणि टीव्हीपासून डॅकपर्यंत ऑप्टिकल वायर ओढा. त्यातून फक्त प्रकाश जातो, करंटला शिरायला जागाच नाही. नाहीतर केबलच्या गोल वायरीवर बसणारा, जाळीचा धातूचा सांधा तोडणारा गॅल्व्हॅनिक आयसोलेटर मिळतो. डिश असलेल्यांनी मात्र तो लावू नये. छत्रीवरच्या एलएनबीला (सिग्नल पकडणाऱ्या डब्याला) वीज त्याच वायरीतून जाते, आयसोलेटर ती अडवतो आणि चित्रच येत नाही.

दुसऱ्या आवाजाबद्दल. चिरचिर कामाबरोबर कमीजास्त होते, म्हणजे ती पायच्या प्रोसेसरच्या करंटची आहे. गाण्याचे आकडे, म्हणजे डिजिटल डेटा, यूएसबीतून बरोबरच जातात, पण त्याच वायरीत ५ व्होल्टची आणि ग्राउंडची तारही असते. पायचा करंट क्षणाक्षणाला बदलतो, ग्राउंडची पातळी हलते, डॅकच्या ग्राउंडमधून पुढे आरसीएच्या जाळीत. आणि तुमच्या शील्डवाल्या लॅन वायरीने पायचं ग्राउंड राउटरलाही बांधून ठेवलंय. गाणं पेनड्राइव्हवर घ्या, लॅनची वायर उपटा, वायफायवरून चित्रं सरकवून बघा. चिरचिर निम्म्याने उतरली तर शील्डचा हात आहे.

नेटवर्कमधून आवाज येतो का, याचं उत्तर यातच आहे. लॅनच्या प्रत्येक पोर्टमध्ये छोटा ट्रान्सफॉर्मर असतो, इथरनेटच्या मानकाप्रमाणे १५०० व्होल्ट सोसणारा. साध्या, शील्ड नसलेल्या कॅट ६ वायरीत दोन टोकांमध्ये धातूचा सलग सांधा राहत नाही. शील्डवाली वायर घातली की आपणच ती तटबंदी ओलांडणारा पूल बांधतो. गाण्याच्या आकड्यांचं म्हणाल तर सीडीच्या दर्जाला १.४ मेगाबिट लागतात, २४ बिट १९२ किलोहर्ट्झला ९.२. कोणत्याही राउटरला हे सहज झेपतं. डेटाचं एखादं पाकीट हरवलं तर परत मागवलं जातं, तोवर बफरमधलं, आधीच साठवलेलं वाजतं. नेटवर्क फारच बिघडलं तर गाणं थांबेल. आवाज पातळ होणार नाही, तबल्याची चाट बोथट होणार नाही.

कॉलेजरोड_स्ट्रीमर

काकांचा आदर ठेवून थोडं वेगळं मत. मी पायच्या जागी चांगला स्ट्रीमर घेतला, त्याला लिनिअर पॉवर सप्लाय आणि ऑडिओचा स्विच लावला. मागची जागा काळी झाली, म्हणजे सुरांमागे नुसती शांतता, गायिकेचा श्वास ऐकू यायला लागला. आकड्यांत सगळं सारखंच म्हणता, मग हा फरक कुठून?

सातपूरचा_मीटर

फरक खरा असू शकतो, आणि तो कुठून आला हे शोधता येतं. लिनिअर सप्लायमध्ये ५० हर्ट्झचा ट्रान्सफॉर्मर असतो. त्याच्या दोन गुंडाळ्यांमधली कपॅसिटन्स कमी ठेवलेली असेल तर गळका करंट स्विचिंग ॲडॉप्टरपेक्षा पुष्कळ कमी होतो. ते मी मान्य करतो, त्यात कारण आहे. स्विचचं मात्र एकट्याचं बघा. घरातल्या कोणाला तरी पडद्यामागे बसवा, साधा स्विच आणि ऑडिओचा स्विच त्यांच्या मनाने बदलू द्या, त्यांनी नोंद ठेवावी आणि तुम्ही ओळखून लिहावं. ओळखता आलं तर त्या दोन्ही स्विचांचे ॲडॉप्टर अदलाबदल करा आणि पुन्हा ओळखा. बहुधा फरक ॲडॉप्टरबरोबर जाईल. तसं झालं तर इतरांना तो फार कमी पैशांत मिळेल, आणि ते समजणं या सगळ्यांच्या उपयोगाचं आहे.

मंद्रसप्तक

काका, वायरमन येऊन गेला. हॉलच्या पॉइंटवर फेज ते न्यूट्रल २३४, फेज ते अर्थ १४०च्या आसपास हलत होता, न्यूट्रल ते अर्थ ८०च्या वर. बल्ब लावला तर पेटलाच नाही, आरसीसीबीही पडला नाही. बोर्ड उघडला तर हिरवी वायर स्क्रूतून निसटून मागे मोकळी पडलेली. ती बसवल्यावर न्यूट्रल ते अर्थ ३ व्होल्टच्या जवळ आलं. झिणझिण्या बंद.

आणि घुमणं वाढलं! तुम्ही आधी सांगितलं नसतं तर मी वायरमनला परत बोलावून ती वायर सोडायला लावली असती. मग एकेक वायर काढून ऐकलं. केबलची गोल वायर बॉक्सला टेकवली त्याच क्षणी मध्यम आला, पूर्ण फिरवायचीही गरज पडली नाही. आता टीव्हीपासून डॅकपर्यंत ऑप्टिकल वायर आहे. सासऱ्यांच्या बातम्याही चालू आणि भूपही स्वच्छ. तंबोऱ्याचा गंधार स्वयंभू ऐकू येतो, तो इतके महिने झाकलेला होता.

शील्डवाली लॅन काढून साधी कॅट ६ टाकली, लाइटच्या पट्टीपासून वीतभर लांब. चिरचिर बरीच उतरली, पण ट्वीटरला (बारीक आवाजाच्या छोट्या स्पीकरला) कान लावला तर थोडी उरते. तिच्यासाठी काय करावं? वायरीवर बसणाऱ्या फेराइटच्या (चुंबकीय पदार्थाच्या) क्लिप लावू का? दोन्ही बाजूंचा धातूचा संबंध तोडणारा यूएसबी आयसोलेटर? आणि एक शंका: जुन्या ध्वनिमुद्रणांत अजून खरखर आहे, तीही याच वाटेने येते का?

रविवार_कारंजा

हे वाचून मीपण घरचे पॉइंट तपासून घेतले. स्वयंपाकघरातल्या एका सॉकेटात अर्थच नव्हता, आणि तिथेच मिक्सर लागतो. काका, मनापासून आभार.

सातपूरचा_मीटर

तंबोऱ्याचा गंधार परत आला हे वाचून फार बरं वाटलं.

जुन्या ध्वनिमुद्रणांची खरखर तुमच्या घरातली नाही. आपल्या नाशिकात जन्मलेले गायक द. वि. पलुस्कर १९५५ साली गेले; त्यांचं सगळं गाणं त्याआधीच्या यंत्रांवरचं आहे. तबकडीची खरखर त्या मुद्रणातच आहे, आणि काहींत तर तेव्हाच्या स्टुडिओतलं विजेचं घुमणंही असतं. गाणं थांबवल्यावर आवाज थांबला तर तो मुद्रणातला, राहिला तर घरातला. मुद्रणातला गोंधळ सॉफ्टवेअरने काढायच्या नादात आवाजाची धार जाते. मी तो तसाच ठेवतो.

उरलेल्या चिरचिरीसाठी फेराइट चालेल, पण कसा लावायचा हे महत्त्वाचं. वायर नुसती क्लिपमधून आरपार नेली तर परिणाम थोडाच. मोठ्या भोकाचा फेराइट घ्या आणि यूएसबी वायरीचे तीन-चार वेढे त्यातून काढा, अडवणूक वेढ्यांच्या वर्गाने वाढते. हा उपाय मेगाहर्ट्झमधल्या गोंधळावर चालतो. ५० हर्ट्झच्या घुमण्याला फेराइटने काही होत नाही, हे इतर वाचणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. यूएसबी आयसोलेटर घेताना वेग विचारा. स्वस्तातले बरेच १२ मेगाबिटचे असतात, त्यांच्यावर पुष्कळसे आजचे डॅक ओळखलेच जात नाहीत. हायस्पीड, ४८० मेगाबिटचा असेल तरच घ्या. त्याआधी फुकटचा उपाय: डॅक यूएसबीवर चालत असेल आणि त्याला वेगळ्या पॉवरची सोय असेल, तर ती वापरून बघा.

घरातला विजेचा गोंधळ कुठे जास्त आहे हे पाहायला मीडियम वेव्हचा जुना ट्रान्झिस्टर काढा. दोन स्टेशनांच्या मधल्या मोकळ्या जागेवर काटा ठेवा आणि ॲडॉप्टर, एलईडी दिवे, पंख्याचे रेग्युलेटर यांच्याजवळून फिरवा. जिथे कर्कश होतो ते उपकरण ॲम्पच्या एक्स्टेन्शन बोर्डवरून हलवा. रेग्युलेटर जुना गोल फिरणारा, विजेची लहर कापणाऱ्या ट्रायॅकचा असेल तर टप्प्याटप्प्याचा कपॅसिटरवाला बसवा. तो लहर कापत नाही. विजेच्या वायरीतून इंटरनेट नेणारे अडॅप्टर घरात असतील तर आधी ते काढा.

शेवटी अर्थिंग. न्यूट्रल ते अर्थ ३ व्होल्ट चालतील, पण सोसायटीचा पिट, म्हणजे अर्थचा धातूचा इलेक्ट्रोड पुरलेला खड्डा, एकदा उघडून बघायला सांगा. नाशिकच्या काळ्या मातीखाली बसाल्ट आहे. वैशाखात माती भेगाळते, इलेक्ट्रोडपासून सुटते आणि रोध वाढतो. पूर्वी पिटात पाणी घालायची पद्धत होती. आता बऱ्याच सोसायट्यांत वर पेव्हर ब्लॉक बसवलेत आणि पिट कुठे आहे हेच कोणाला माहीत नसतं. तपासणाऱ्याला अर्थ टेस्टर घेऊन यायला सांगा, साध्या मीटरने पिटाचा रोध मोजता येत नाही. इलेक्ट्रोडला पट्टी जिथे बोल्टने जोडली आहे तो सांधा गंजलेला नाही ना, हे आधी बघायचं. ओहममधला आकडा कागदावर लिहून घ्या आणि इथे टाका, पावसाळ्यानंतर पुन्हा मोजून ताडून बघू.